मधल्या जिन्याकडे लक्ष

आमच्या घरात तोंड उघडण्याआधी शब्द तपासून घ्यावा लागतो. माझी बायको भाषेची शिक्षिका आहे आणि मी त्याच शाळेत खेळाचा सर. मुलं पाठीमागे तिला 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणतात आणि मला 'शिट्टी'. दोन्ही नावं इतकी चपखल आहेत की आम्ही दोघांनीही कधी तक्रार केलेली नाही. एकदा कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "साखर आज भेटणार नाही." त्यावर ही शांतपणे म्हणाली, "बरं, तिला वेळ असेल तेव्हा येऊ भेटायला." बिचारा दुकानदार आजही आम्हाला पाहिलं की गप्प बसून बोटाने वस्तू दाखवतो.

अशा आईच्या पोटी आमची लेक जन्माला आली, आणि बोलायला लागल्यापासून तिने शब्दाला शब्द देणं सोडलं नाही. झोप म्हटलं की "का झोपायचं, कुणी ठरवलं?" गप्प बस म्हटलं की "एकाच वेळी गप्प पण आणि बस पण?" घरात आम्ही तिला वकीलबाई म्हणायचो. तेव्हा ती आठवीत होती. तिची कटकट वाटायची, खोटं कशाला बोलू? आज ती कटकट परत मिळावी म्हणून मी काय वाटेल ते देईन.

त्या वर्षी शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई उत्साही होत्या, मनाने चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत कुणी दुष्ट माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्या आल्या आणि काही दिवसांतच एका वर्गाच्या खिडकीची काच चौकटीसकट खाली आली. वर्ग रिकामा होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मोठ्या बाई म्हणाल्या, "शाळा तुमची आहे. कुठे धोका आहे, कुठे भीती वाटते, हे आम्हाला नाही, तुम्हालाच ठाऊक. तेव्हा तुम्हीच सांगायचं." प्रत्येक वर्गातून एक मूल निवडलं गेलं, त्यांचं सुरक्षा मंडळ झालं, आणि त्यांच्या छातीवर पिवळे बिल्ले आले. आमच्या वकीलबाईंची निवड बिनविरोध झाली. तिच्या वर्गाने सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

मंडळाबरोबर शाळाभर फिरायचं काम माझ्याकडे आलं. गळ्यात शिट्टी अडकवून मी मुलांच्या मागे मागे हिंडलो आणि माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं ज्या दारांतून मी येत-जात होतो, त्या दारांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. प्रयोगशाळेचं दार आत उघडतं, म्हणजे आग लागली आणि सगळे दाराकडे धावले तर ते उघडणारच नाही, हे सातवीतल्या एका मुलाने दाखवलं. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी इतकी वर होती की त्यांचा हात पोचत नसे. "मग तुम्ही काय करता?" मी विचारलं. "एक मैत्रीण बाहेरून दार धरते," तिसरीतली बिल्लेवाली म्हणाली, "मैत्रीण आली नसेल तर आम्ही जात नाही." मोठ्या बाईंनी आठवड्याच्या आत कडी खाली आणली आणि दार फिरवून बसवलं. मला वाटलं, वा, हे जमलं की! मुलांना विचारायचं आणि ती सांगतील ते करायचं, किती सोपी गोष्ट होती.

मग आला मधला जिना.

आमच्या शाळेला तीन जिने आहेत. दोन कडेचे, उजेडाचे. मधला अर्ध्यावर वळतो आणि वळणावर दिवसासुद्धा अंधूक असतं. त्या वळणावर पूर्वी घंटा टांगलेली होती, पितळी तबकडी, तिथून दोन्हीकडे ऐकू जाई म्हणून. तबकडीखाली एक स्टूल आणि स्टुलावर घंटामावशी. दोन टोलांच्या मधल्या वेळात मावशीला दुसरं काम नसे. ती लोकर विणत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायची. "कुठे निघालास रे वाऱ्यासारखा? नाक पूस आधी." "काय गं, आज वेणी कुणी घातली, मांजराने?" सगळ्या शाळेची नाकं तिने पुसली असतील. नंतर विजेची घंटा आली, आपली आपण वाजणारी. तबकडी काढली, भिंतीत तिचा आकडा तेवढा राहिला. मावशीला कार्यालयात कागदांच्या प्रती काढायला बसवलं. घंटा गेली हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मावशीही गेली, हे मोठ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मुलांच्या मात्र लगेच आलं. दहावीच्या चार-पाच मुली मधल्या सुट्टीत त्या वळणावर उभ्या राहायला लागल्या. त्या जागेला सगळे 'नाका' म्हणत. लहान मूल आलं की अडवायचं. गाणं म्हण मग सोडतो, नाच मग सोडतो. मारत कुणी नसे, त्यामुळे अंगावर वळ नाही आणि तक्रारीला जागा नाही. मूल फक्त वर्गात उशिरा पोचे आणि उशीर झाला म्हणून तिथे बोलणी खाई. दुसरीत एक मुलगी होती, कायम लाल लोकरीची टोपी घालणारी. आजारपणात तिचे केस गेले होते आणि अजून धड आले नव्हते. सगळे तिला टोपी म्हणत, प्रेमानेच. नाक्यावर मात्र तिची टोपी काढून वरच्या मजल्यावर भिरकावत, आणि ती उघड्या डोक्याने, दोन्ही हात डोक्यावर धरून टोपीमागे धावे.

हे मला लेकीकडून कळलं. ती रोज मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाशी जायची, टोपीचा हात धरायची आणि तिला तो जिना उतरवून मैदानावर आणायची. "आणि त्या मुली?" मी विचारलं. "मी असले की काही करत नाहीत," लेक म्हणाली. "मी काही बोलत पण नाही बाबा. नुसती असते."

"मग मी येऊन शिट्टी वाजवू का?"

"तुम्ही एक दिवस याल. मावशी रोज असायची."

सुरक्षा मंडळाने आपल्या मागण्या सभागृहात मांडायच्या असं ठरलं. विश्वस्त येणार, पालक येणार. मधल्या जिन्याची मागणी आमच्या वकीलबाई मांडणार होत्या. आदल्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. ही मटार सोलत होती, मी सोललेले मटार खात होतो, आणि लेक पायपुसण्यावर उभी राहून, जणू तेच व्यासपीठ, भाषण करत होती.

"मधल्या जिन्यात कुणाचंच लक्ष नसतं. पूर्वी तिथे घंटामावशी बसायच्या. त्या सगळ्यांशी बोलायच्या, म्हणून भीती वाटायची नाही. आम्हाला तिथे माणूस पाहिजे. मधल्या जिन्याकडे कुणीतरी लक्ष द्या."

मला ते आवडलं होतं. पण हिचा हात मटाराच्या शेंगेवर थांबला. "'माणूस पाहिजे' नको," ती म्हणाली. "दुकानावरच्या पाटीसारखं वाटतं. माणूस पाहिजे, आत चौकशी करा."

मी खो खो हसलो. लेकही हसली, हे मला स्पष्ट आठवतं.

"आणि मावशींचं नाव घेऊ नकोस. चारचौघांत एकाचं नाव घेऊन मागणी केली की वशिला वाटतो. आणि हे 'लक्ष द्या' काय? 'कृपया इकडे लक्ष द्या, गाडी उशिराने धावत आहे'!"

"पण आई..."

"ऐक. 'मधल्या जिन्यावर सतत लक्ष ठेवले जाईल, अशी व्यवस्था व्हावी.' बघ, कसं ठाम वाटतं. मागणी करायची तर ताठ मानेने करावी, विनवण्या कशाला?"

लेक क्षणभर ते वाक्य ओठांत घोळवत राहिली. मग म्हणाली, "मला लक्ष ठेवा असं म्हणायचंच नाहीये. लक्ष दुधावर ठेवतात. नाहीतर चोरावर."

"अर्थ एकच आहे गं."

"एक नाहीये. लक्ष द्यायचं म्हणजे द्यायचं. लक्ष ठेवायचं म्हणजे..." तिला पुढचं सापडेना. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला ते सापडायलाच हवं होतं असंही नाही. आम्हा दोघांपैकी कुणीतरी शोधायला मदत करायला हवी होती.

"म्हणजे तेच," ही म्हणाली. "पाठ कर."

तेवढ्यात मागे चर्र झालं. गॅसवरचं दूध उतू जात होतं. तिघंही शेगडीपाशी होतो आणि तिघांचंही लक्ष नव्हतं. त्यावरही आम्ही हसलो. मग लेकीने ओट्यावरचं दूध पुसता पुसता नवं वाक्य पाठ केलं. जिभेवर चढायला त्याला वेळ लागला नाही, तिच्या आईची वाक्यं घडीव असतात.

दुसऱ्या दिवशी सभागृहात ती खरोखरच छान बोलली. न अडखळता, न चुकता. पहिल्या रांगेतले विश्वस्तांचे अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले, "किती नेमकी मागणी! आपल्या सभांमध्ये एवढं नेमकं कुणी बोलत नाही." ही माझ्या शेजारी बसली होती. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलाय. एका पालकाचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. ते तिथल्या तिथे उभे राहिले आणि म्हणाले, व्यवस्था माझ्याकडून. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. लेक व्यासपीठावर उभी होती, हातात हात धरून, आणि टाळ्या कशासाठी चालल्यात ते तिला बहुधा कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा लागला. भिंतीत जुन्या घंटेचा आकडा तयारच होता, त्यालाच तो बसवला. काळा, वाटोळा, लिंबाएवढा. मी मुलांना मैदानावरून आत आणत होतो तेव्हा लेक वळणावर मान वर करून उभी होती.

"बाबा, हे कुणी मागितलं?"

"तूच की."

"मी माणूस मागितला होता," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "नाही, नव्हता मागितला. खरंच की."

आणि मी काय केलं? तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालो, "चल, चल, तास सुरू होतोय."

मोठ्या बाईंना आणखी एक कल्पना सुचली, आणि तीही मनापासूनच सुचली. मुलांनी मागितलंय तर मुलांनीच सांभाळावं. कार्यालयात कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा एक पडदा लावला आणि मधल्या सुट्टीत सुरक्षा मंडळातल्या एकेकाने त्यासमोर बसायचं ठरलं. काही गडबड दिसली की मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांना कोण आनंद! पडद्यासमोरची खुर्ची गोल फिरणारी होती. फक्त आमच्या पोरीचं तोंड उतरलेलं.

"आई, मला ती ड्यूटी नको. मला तेव्हा टोपीला खाली आणायचं असतं."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," ही म्हणाली. "आणि आता तर कॅमेरा आहे तिथे. आपणच मागायचं आणि आपणच अंग काढून घ्यायचं, बरं दिसतं का ते?"

पूर्वीची वकीलबाई असती तर या एका वाक्यावर तिने अर्धा तास खटला चालवला असता. ती म्हणाली, "बरं."

ज्या दिवशी तिची ड्यूटी होती त्या दिवशी मी मैदानावर मुलांचा सामना घेत होतो. ऊन छान पडलं होतं. अचानक कार्यालयाच्या दारातून लेक सुटली आणि सामना चाललेल्या मैदानाच्या मधून, मुलांच्या पायांतून, जिन्याकडे धावत सुटली. छातीवरचा पिवळा बिल्ला उडत होता. ती काहीतरी ओरडत होती, ते मला ऐकू आलं नाही. मी शिट्टी वाजवली. खेळ मोडला म्हणून मी माझ्या पोरीवर शिट्टी वाजवली. तिच्यामागून घंटामावशी येत होती, गुडघ्यांवर हात देत, जमेल तेवढी भराभर. मावशीला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती पाहिली आणि मीही धावलो.

दुसरीतली टोपी जिन्याच्या पायथ्याशी पडली होती. डोक्यावरची टोपी कुणी भिरकावू नये म्हणून दोन्ही हातांनी डोकं धरून ती मागे मागे सरकली होती, आणि मागे पायरी होती. हात डोक्यावर असल्यामुळे तिला कशालाच धरता आलं नाही. उजवा हात कोपरापाशी नको तसा वळला होता. ती रडत नव्हती. दहावीच्या मुली वर भिंतीला चिकटून उभ्या होत्या, त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. लाल टोपी मधल्याच एका पायरीवर पडली होती. लेकीने आधी ती उचलली, टोपीच्या डोक्यावर नीट कानांपर्यंत ओढून बसवली, आणि मग ती स्वतः अशी रडायला लागली की मला तिला धरून बाजूला न्यावं लागलं.

"मला दिसत होतं बाबा," ती म्हणत होती. "मला सगळं दिसत होतं."

दोन दिवसांनी मोठ्या बाईंच्या खोलीत ते चित्रण लावलं. अध्यक्ष होते, मुलींचे आईवडील होते, आम्ही दोघं होतो. कॅमेरा खरोखरच चांगला होता. अंधूक जिन्यातही चेहरे ओळखू येत होते. कोण पुढे झालं, कोणी हात वर केला, कोण हसलं. "सगळं स्पष्ट दिसतंय," अध्यक्ष म्हणाले. जे आई-बाप आधी आपली मुलगी त्यात नव्हतीच म्हणत होते, ते खाली मान घालून म्हणाले, "हो, स्पष्ट दिसतंय." मुलींना शाळेतून काही दिवस घरी बसवण्याची शिक्षा झाली. अध्यक्ष म्हणाले, कॅमेरा नसता तर हे सिद्धच झालं नसतं, आणि उरलेल्या दोन्ही जिन्यांवरही तशीच व्यवस्था करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. चित्रणात खालच्या कडेला वळणावरची फरशी दिसत होती. त्या फरशीवर, जिथे स्टूल असायचं, तिथे कुणी नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं. ती तिथेच बघत होती.

घरी आल्यावर हिने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून म्हणाली, "अहो, पोर बरोबर बोलत होती. मी तिचं वाक्य खाल्लं."

"मीही हसलो होतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंकडे गेली आणि मावशीला परत जिन्यावर बसवा म्हणाली. मोठ्या बाईंना खरंच कळेना. "पण मुलांनी माणूस मागितलाच नव्हता हो. तुमच्या मुलीचं वाक्य माझ्या अजून कानात आहे."

"ते तिचं नव्हतं. माझं होतं."

मोठ्या बाईंनी समोरची फाइल मिटली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी मुलांना विचारलं होतं बाई. तुम्हाला नव्हतं विचारलं." मावशीशिवाय आता कार्यालयाचं काम अडत होतं, ते वेगळंच. पण ते दुसरं कारण हिच्या कानांवर पडलंच नसेल. पहिलं वाक्यच तिला वर्षभर पुरणारं होतं.

मग हिने अडगळीच्या खोलीतून ते स्टूल शोधून काढलं, पुसलं आणि मधल्या सुट्टीत स्वतः त्या वळणावर जाऊन बसायला लागली. डबा तिथेच खायची, वह्या तिथेच तपासायची. सुरुवातीला जिन्यात चिडीचूप. ऱ्हस्वदीर्घ बसल्यात म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? मुलं तोंडावर बोट ठेवून भराभर उतरायची. हिला मावशीसारखं हटकता येईना. एकदा एक पोरगं म्हणालं, "बाई, मला खाऊ भेटला," आणि हिच्या तोंडून सवयीने "मिळाला" गेलं, तर ते पोरगं पुढे खाऊ कुणी दिला ते न सांगताच निघून गेलं. त्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "काय फरक पडला असता हो? भेटला तर भेटला." ज्या बाईने एका दुकानदाराची वाचा बंद केली, तिच्या तोंडून हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

हळूहळू तिला जमलं. लहान मुलं थांबून पडलेला दात दाखवायला लागली, कुणी गाठ सुटलेली बुटाची नाडी पुढे करायला लागलं. जिना खरंच शांत झाला. पण ज्या मुलीसाठी हे सगळं मागितलं होतं ती परत आलीच नाही. हिने चौकशी करून तिचं घर गाठलं. टोपीच्या आईने दार अर्धंच उघडलं. "हात बरा आहे," ती म्हणाली, "पण ती शाळा नको." आतून टोपीचा आवाज येत होता, कुणाशी तरी खेळण्यातलं भांडण चाललं होतं. ही तिथे उभी राहून तेवढं ऐकून आली.

आणि आमची लेक मधल्या जिन्याने यायची बंद झाली. आई तिथे बसते म्हणून की काय कोण जाणे, ती कडेच्या जिन्याने लांबचा वळसा घालून वर्गात जायची. घरी ती भांडत नव्हती, रुसत नव्हती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती शहाणी झाली होती. झोप म्हटलं की झोपायची. बोलण्याआधी थांबायची आणि आईकडे बघून विचारायची, "'मला उशीर होईल' असं म्हणू ना? की 'होणार आहे'?"

"कसंही म्हण गं बाळा," ही म्हणायची.

"नाही, तू सांग."

एकदा तर ती घरात तिला "बाई" म्हणाली. शाळेत म्हणतात तसं. चुकून म्हणाली, लगेच "आई" म्हणून सुधारलंही. पण हिच्या हातातली ताटली तशीच हातात राहिली.

नवं सत्र सुरू झालं आणि मोठ्या बाईंनी सुरक्षा मंडळाची पुन्हा सभा ठेवली. मागच्या मागण्यांचं काय झालं, आणखी काय हवं, हे मुलांनीच सांगायचं. मधल्या जिन्याबद्दल पुन्हा आमचीच लेक बोलणार होती. आदल्या संध्याकाळी ही तिच्याजवळ जाऊन बसली. स्वयंपाकघर तेच होतं.

"उद्या तुला हवं ते बोल," ती म्हणाली. "मी काही ऐकणार नाही, काही बघणार नाही. 'माणूस पाहिजे' म्हण. मावशींचं नाव घे. टोपीचं नाव घे. माझं नाव घ्यायचं असेल तर माझंही घे. आणि 'लक्ष द्या' म्हण गं. मी चुकले होते. तुझंच बरोबर होतं, दोन्हींचा अर्थ एक नाही."

लेकीने सगळं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली.

"काय बोलशील?"

"बघते."

त्या 'बघते'वर आम्ही दोघांनी फार आशा बांधली. ही तर म्हणाली, "बघा, काहीतरी शिजतंय तिच्या डोक्यात, जुनी वकीलबाई दिसली मला." मलाही दिसल्यासारखी वाटली. माणूस किती वेडं असतं.

सभागृह भरलं होतं. तेच अध्यक्ष, तेच पालक. घंटामावशीही मागे दाराशी उभी होती, हिने तिला मुद्दाम बोलावलं होतं. तिच्या हातात विणकाम होतं. लेकीचं नाव पुकारलं. ती व्यासपीठावर गेली, बिल्ला सरळ केला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मग समोरच्या भिंतीकडे पाहून बोलली.

"मधल्या जिन्यावर सतत लक्ष ठेवले जात आहे. सदर व्यवस्था समाधानकारक आहे. आमची आणखी कोणतीही मागणी नाही. धन्यवाद."

टाळ्या झाल्या. अध्यक्ष मागे वळून आमच्याकडे बघून कौतुकाने हसले. माझ्या शेजारी ही तशीच बसून होती, दोन्ही हात मांडीवर. तिचे ओठ हलत होते, वही तपासताना हलतात तसे. ती त्या वाक्यांवरून पुन्हा पुन्हा फिरत होती, शब्द न् शब्द चाचपत होती, आणि तिला हवं ते सापडत नव्हतं.

"एक तरी चूक करायची होतीस गं," ती म्हणाली. पण टाळ्या अजून चालूच होत्या.